वाफेची इस्त्री

वाफेची इस्त्री हे उष्णता, दाब आणि वाफ यांच्या एकत्रित परिणामाने कापडावरील सुरकुत्या घालवणारे विद्युत उपकरण आहे. साध्या म्हणजेच कोरड्या इस्त्रीत केवळ तापलेला तळ कापडावरून फिरतो. वाफेच्या इस्त्रीत पाण्याची टाकी असते व तळाच्या छिद्रांतून वाफ कापडात शिरते. रोजच्या कपड्यांसाठी तसेच शिवणकामासाठी ती वापरली जाते. मात्र या दोन कामांच्या गरजा एकसारख्या नसल्यामुळे एका कामास सोयीची इस्त्री दुसऱ्या कामास गैरसोयीची ठरू शकते. ‘इस्त्री’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतील ‘एस्तिरार’ (ताणणे) या क्रियापदावरून आला असे मानले जाते.

इतिहास

न्यू यॉर्कच्या हेन्री सीली यांनी १८८२ साली विजेच्या इस्त्रीचे पेटंट घेतले. वाफेची विद्युत इस्त्री १९२६ मध्ये न्यू यॉर्कच्याच एल्डेक या कंपनीने बाजारात आणली. तत्पूर्वी परीट कोळशाच्या इस्त्रीने काम करताना कपड्यावर पाण्याचा शिडकावा करीत, तर शिंपी कापडावर ओले फडके अंथरून त्यावरून इस्त्री फिरवीत. वाफेच्या इस्त्रीने हेच काम उपकरणाच्या पोटात नेले. ओल्या फडक्याची जुनी रीत आजही टिकून आहे आणि लोकरी कापडासाठी ती कमी प्रतीची मुळीच नाही.

वाफेचे कार्य

सुती आणि तागाचे धागे सेल्युलोजचे असतात. त्यातील रेणूंच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरून ठेवतात व कापड ज्या स्थितीत वाळते त्या स्थितीत हे बंध पक्के होतात. पाण्याचा अंश आत शिरला की बंध सैल होतात, दाबाने धागे सरळ होतात आणि ओल निघून गेल्यावर बंध नव्या, सपाट स्थितीत पुन्हा जुळतात. म्हणूनच इस्त्री केलेला कपडा ओलसर असतानाच घडी करून ठेवल्यास त्यावर पुन्हा सुरकुत्या पडतात. पॉलिएस्टर पाणी फारसे शोषत नाही. त्याच्या बाबतीत मुख्य काम उष्णतेचे असते.

विद्युतशक्ती आणि वाफेचे प्रमाण

इस्त्रीच्या खोक्यावर वाफेचे प्रमाण ‘ग्रॅम प्रति मिनिट’ असे छापलेले असते. हा आकडा वॉटच्या आकड्याशी ताडून पाहणे उपयुक्त ठरते. खोलीच्या तापमानाचे १ ग्रॅम पाणी उकळवून त्याची वाफ करण्यास सुमारे २,५५० जूल उष्णता लागते. त्यामुळे १,००० वॉटच्या इस्त्रीने आपली सर्व उष्णता पाण्यावरच खर्च केली, तरी मिनिटाला सुमारे २३ ग्रॅमपेक्षा अधिक वाफ सतत निघू शकत नाही. प्रत्यक्षात तळ गरम ठेवण्यासाठीही उष्णता लागत असल्याने हे प्रमाण आणखी कमी भरते. कळ दाबल्यावर येणारा वाफेचा झोत वेगळा. तो तळाच्या धातूत साठलेल्या उष्णतेवर येतो व काही क्षणच टिकतो. जाहिरातीत बहुधा या झोताचाच मोठा आकडा ठळक छापलेला असतो.

जास्त वॉटची इस्त्री घेण्याआधी घरातील विजेची जोडणी पाहावी लागते. भारतीय घरांतील लहान सॉकेट ६ अँपिअरचे असते. २३० व्होल्टला त्यावर सुमारे १,३८० वॉटपर्यंतचाच भार योग्य ठरतो. त्यापुढील इस्त्रीसाठी १६ अँपिअरचे सॉकेट व तेवढा भार सोसणारी तार आवश्यक असते. ज्या घरात असे सॉकेट केवळ स्वयंपाकघरात किंवा न्हाणीघरापाशी आहे, तेथे २,००० वॉटची इस्त्री घेऊन ती मल्टिप्लगवर लावणे धोक्याचे आहे. भारतात विजेच्या इस्त्रीवर आयएसआय चिन्ह असणे बंधनकारक आहे.

शिवणकामासाठी निवड

घरच्या कपड्यांवर इस्त्री पुढे-मागे सरकवली जाते. शिवणकामात ती उचलून ठेवली जाते आणि दाबली जाते, कारण सरकवल्यास तिरप्या कापाचे कापड ताणले जाऊन बेढब होते. त्यामुळे शिवणकामात जड इस्त्री उपयोगी पडते. दाबाचे काम हाताऐवजी वजन करते. शिवणीची माया उघडून बसवणे, टक आणि कोपरे दाबणे यांसाठी टोक निमुळते असावे. कॉलर व कफमध्ये घातले जाणारे चिकट कॅनव्हास बसवताना तळावर मोठी किंवा विरळ छिद्रे असतील, तर त्या जागी उष्णता नीट पोहोचत नाही. अशा वेळी इस्त्री थोडी हलवून पुन्हा दाबावी लागते. ठरावीक वेळेनंतर आपोआप बंद होण्याची सोय विसराळू घरासाठी वरदान आहे, परंतु प्रत्येक शिवणीनंतर इस्त्रीकडे वळणाऱ्या शिंप्याला ती वारंवार थंड सापडते. बिनतारी इस्त्रीची अडचणही अशीच आहे. कपड्यांच्या कारखान्यांत व अनेक शिलाई दुकानांत वर टांगलेल्या बाटलीतून नळीने पाणी घेणारी जड इस्त्री वापरतात. तिची टाकी सारखी भरावी लागत नाही.

पाणी

वाफेची इस्त्री बिघडण्याचे नेहमीचे कारण म्हणजे क्षार. पाणी उडून जाते, त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार आत साचतात, छिद्रे बुजतात आणि एके दिवशी पांढऱ्या शर्टावर करडे डाग पडतात. बोअरवेलच्या जड पाण्याने हे लवकर घडते. क्षारमुक्त पाणी वापरावे की साधे, याबाबत प्रत्येक उत्पादकाची सूचना वेगळी असते व तीच पाळणे इष्ट. बॅटरीसाठी मिळणाऱ्या द्रवात आम्ल असू शकते, म्हणून तो टाकीत घालू नये. खळ किंवा स्टार्चही टाकीत न घालता कपड्यालाच लावतात. काम संपल्यावर उरलेले पाणी ओतून टाकतात.

कापड आणि तापमान

कपड्याच्या लेबलवरील इस्त्रीच्या चित्रात एक, दोन किंवा तीन ठिपके असतात. ते अनुक्रमे साधारण ११०, १५० व २०० अंश सेल्सिअसच्या आसपासची कमाल मर्यादा दर्शवतात. वाफेसाठी तळ पुरेसा तापलेला लागतो. एका ठिपक्यावर अनेक इस्त्र्यांतून वाफेऐवजी पाणीच ठिबकते. रेशमावर असे थेंब पडल्यास डाग राहतात. पैठणीसारख्या जरीच्या साडीला म्हणूनच वाफ बंद ठेवून, मंद उष्णतेवर, उलट्या बाजूने आणि मध्ये सुती कापड घालून इस्त्री करतात. जर कृत्रिम असेल, तर तिच्यातील प्लास्टिकचा अंश जास्त उष्णतेने वितळून तळाला चिकटतो.