वीतभर नंदीचा फोटो

श्रावण अमावस्येचा पोळा झाला, की दुसऱ्या दिवशी आपल्याकडे पोरांचा तान्हा पोळा. नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी १८०६ मध्ये तो सुरू केला, असे सांगतात. चाकांच्या पाटावरचे लाकडी नंदी, अंगावर झूल, शिंगांना बेगड आणि बोजाऱ्यासाठी दारोदार फिरणारी पोरे. अमरावती असो की अकोला, हल्ली समोर मोबाइल धरलेले एखादे आजोबा असतातच. फोटोत मात्र पोराचे डोके मोठे आणि खाली कुठेतरी नंदीची पाठ!

आपण उभ्याने फोटो काढतो, म्हणून असे होते. वरून नंदी खेळणे दिसतो. कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या रेषेत आणला, की त्याचा बैल होतो. तेव्हा गुडघे कुरकुरले तरी ओसरीवर बैठक मारावी.

मोबाइल नंदीच्या नाकाशी नेऊ नये. नाक फुगते, मागचे पाय आक्रसतात. ४-५ फूट मागे सरून झूम करावे. फ्लॅश बंद ठेवावा, नाहीतर बेगडावर पांढरा डाग उमटतो. पावसाळ्यातला ढगाळ उजेड मऊ असतो. तो एका बाजूने घ्यावा आणि दुसऱ्या बाजूला पांढरा पंचा धरावा. सावलीतली घडणही उजळते. मागे मोकळी जागा हवी, नाहीतर शिंगांतून कॅलेंडर उगवते.

एवढा खटाटोप कशासाठी? बँकेत असताना मी पीककर्जाचे अर्ज तपासत असे. अर्जात 'बैलजोडी १' एवढीच नोंद. समोरचा शेतकरी मात्र बैलांची नावे सांगायचा. पुढे ट्रॅक्टर आले, कितीतरी गोठे रिकामे झाले. माळ्यावरचा सागवानी नंदी तेवढा राहिला. कान तुटलेला, चाके झिजलेली, अंगावर रंगाचे थरावर थर.

म्हणून सजवलेल्या नंदीचा फोटो घ्याच, पण त्याआधी झूल उतरवून दोन्ही बाजू, तुटका कान, पोटाखालच्या पटाशीच्या खुणाही टिपा. सुताराचे नाव, कोणासाठी घडवला ते आणि साल लिहून ठेवा. वाटणीत नंदी एकाच भावाकडे जातो. फोटो सगळ्यांना मिळतो.

यंदा रंगाचा डबा उघडण्यापूर्वी घरातल्या थोरल्या माणसाला नंदीची हकीकत विचारा. आणि नंदी त्यांच्या मांडीवर ठेवून एक फोटो काढा. तोही बसूनच.