वॉर्डातला पडदा

आमच्या डोंबिवलीतल्या गटांच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न हळू आवाजात निघतो : "ताई, बायकांच्या वॉर्डात तृतीयपंथी पेशंट ठेवला तर?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बाळंतीण बाळाला पाजत असते, टाके ओले असतात, कपडे सावरायचं भान नसतं. तिला आडोसा हवाच. पुरुष डॉक्टर तपासत असतील तर सोबत बाई असावी, हे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्ण हक्क सनदेत लिहिलेलं आहे. ते मागताना लाजू नका.

आता त्या पेशंटचं बघू. सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या नालसा निकालात तृतीयपंथी ही वेगळी ओळख मान्य केली. 2019 च्या कायद्याने त्यांना उपचार नाकारायला मनाई केली. साडी नेसणाऱ्या तृतीयपंथी पेशंटला पुरुषांच्या वॉर्डात खाट दिली, तर रात्री तिचा डोळा लागेल का? तुमचा-माझा लागला असता का?

मुंबईत जी. टी. रुग्णालयात 2023 साली त्यांच्यासाठी 30 खाटांचा स्वतंत्र वॉर्ड सुरू झाला. चांगलं झालं. पण शेवटची लोकल गेल्यावर कल्याणहून तापाने फणफणलेल्या माणसाला तिथवर नेणार कोण? सोय जवळच हवी. प्रत्येक खाटेला पडदा आणि दाराला कडी असलेली एक छोटी खोली एवढं असलं, तर बाळंतिणीचाही प्रश्न सुटतो आणि तिचाही. मला तर वाटतं, भांडण त्या दोघींचं नाहीच. पडदा नाही म्हणून ते लागतं.

घरच्या सेवेचं थोडं वेगळं आहे. आपल्यातल्या काही जणी घरोघरी जाऊन आजारी माणसांचं करतात. अंघोळ कोणी घालायची, डायपर कोणी बदलायचा, हे त्या आजींनी ठरवावं. त्यांनी नको म्हटलं तर वाद घालू नये. मात्र तेवढ्यावरून तृतीयपंथी सेविकेला कामावरूनच काढणं चूक आहे. नोकरीतल्या भेदभावालाही तोच कायदा मनाई करतो. तिला दुसऱ्या घरी काम द्यावं.

पुढच्या बैठकीत महापालिकेच्या वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहू. आपल्या रुक्मिणीबाई आणि शास्त्रीनगर रुग्णालयांसाठी मागण्या दोनच : खाटेला पडदा, आणि कडीची खोली. वस्तीतल्या तृतीयपंथी ताईंनाही सहीला बोलवा.