मोबाईल शॉपीच्या काउंटरवरून

आपल्याकडच्या स्मार्टफोनच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत कंपनीच्या पत्रकावर सर्वांत मोठ्या टायपात मेगापिक्सेल छापलेले असायचे. मोबाईल शॉपीच्या काउंटरवर मात्र वेगळीच चौकशी चालायची. कार्ड किती जीबीपर्यंत चालतं? ब्लूटूथनं गाणी जातात ना? बॅटरी दोन दिवस काढेल का? आणि थोड्या वर्षांनी, डबल सिम आहे का? आज मागे वळून पाहताना मला वाटतं, पत्रक लिहिणाऱ्यापेक्षा काउंटरवरचं गिऱ्हाईक जास्त शहाणं होतं. अपवाद दोन. ते पुढे येतीलच.

स्मार्टफोनची वंशावळ सांगणारे सुरुवात करतात ती १९९४ च्या आयबीएम सायमनपासून. त्याला टच स्क्रीन होता, ई-मेल होता, फॅक्सही होता. पण सतत बोललं तर बॅटरी तासाभरात मान टाकायची. १९९६ मध्ये नोकियाचा ९००० कम्युनिकेटर आला. तो पुस्तकासारखा उघडायचा आणि आत पूर्ण कीबोर्ड असायचा. हे सगळं साहेबलोकांचं काम. आपल्याकडे सामान्य माणसानं हौसेनं, कधी हप्त्यावर घेतलेला पहिला खरा स्मार्टफोन म्हणजे नोकिया ६६००.

२००३ सालचा हा फोन पोटुशा आकाराचा होता. कॅमेरा ०.३ मेगापिक्सेलचा, त्यावर काढलेला फोटो आज मोठ्या पडद्यावर बघितला तर भाऊ कोण आणि भावजी कोण ते कळायचं नाही. फोनची स्वतःची मेमरी सहा एमबी, सोबत ३२ एमबीचं कार्ड. ते कार्ड बॅटरीच्या खाली, म्हणजे बदलायचं तर फोन बंद करा, झाकण काढा, बॅटरी काढा. तरी लोकांनी त्यावर जीव टाकला, कारण या फोनमध्ये बाहेरून काहीतरी भरता यायचं. गाणी, थीम, खेळ, डिक्शनरी. इंटरनेट महाग आणि गोगलगायीच्या चालीचं, त्यामुळे ‘डाउनलोड’ म्हणजे मित्राच्या फोनवरून ब्लूटूथनं घेणं. कॉलेजच्या कट्ट्यावर दोन फोन शेजारी शेजारी ठेवून, गाणं पूर्ण जाईपर्यंत कुणी फोनला हात लावायचा नाही, हा नियम.

त्याच वाटेनं रोगही आला. २००४ मध्ये ‘कॅबिर’ नावाचा किडा ब्लूटूथवरून याच जातीच्या फोनमध्ये पसरू लागला. तो आपोआप घुसत नसे. फोन आधी विचारायचा, घेऊ का? लोक उत्साहानं ‘येस’ दाबायचे. मग तो फोन सतत आजूबाजूला नवं सावज शोधत राहायचा आणि बॅटरी संपवायचा. यावर दुरुस्तीवाल्यांचा रामबाण उपाय म्हणजे फोन फॉरमॅट मारणे: हिरवं बटण, स्टार आणि तीनचा आकडा एकदम दाबून धरायचे आणि फोन चालू करायचा. नंबर सिममध्ये नसले तर तेही गेले.

बॅटरी. ६६०० मधली बीएल-५सी कितीतरी नोकियांना चालायची. घरात चार फोन असले तर एक जास्तीची बॅटरी खिशात ठेवून सगळ्यांचं भागायचं. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात बारा-बारा तास लोडशेडिंग चालायचं त्या दिवसांत ही चैन नव्हती, गरज होती. फोन हँग झाला तरी इलाज तोच, बॅटरी काढा आणि परत घाला. ऑगस्ट २००७ मध्ये याच बॅटरीच्या काही लॉटमध्ये गरम होण्याचा दोष निघाला. नोकियानं जगभरात ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या बदलून देण्याची तयारी दाखवली, आणि आपल्याकडे लोक बॅटरीच्या पाठीवरचा नंबर तपासत नोकियाच्या सेवा केंद्रांबाहेर उभे राहिले. ही बॅटरी अजून मेलेली नाही. स्वस्त रेडिओ उघडून पाहा, बहुधा तीच निघेल.

आता पहिला अपवाद. २००७ मध्ये एका बाजूला नोकियाचा एन९५ होता: पाच मेगापिक्सेल, जीपीएस, वायफाय, मेमरी कार्ड, एफएम, साधा इअरफोन बसेल असं भोक. दुसऱ्या बाजूला अमेरिकेत जूनअखेरीस आलेला पहिला आयफोन: दोन मेगापिक्सेल, व्हिडिओ नाही, थ्रीजी नाही, कार्ड नाही, एमएमएस नाही, मजकूर कॉपी-पेस्टसुद्धा करता यायचा नाही. ती सोय २००९ मध्ये आली. कागदावर आयफोन सपशेल नापास. २२ ऑगस्ट २००८ रोजी आयफोन थ्रीजी भारतात आला तो ३१ हजार रुपयांना, आणि नावातलं थ्रीजी देशात तेव्हा सुरूच झालेलं नव्हतं. काउंटरवर नेहमीचा प्रश्न आला, ‘ब्लूटूथनं गाणी जातात का?’ उत्तर होतं, नाही. गिऱ्हाइकानं फोन खाली ठेवला, आणि त्या दिवसापुरतं त्याचं बरोबरच होतं.

पण बोटानं चालणारी काच आणि एका जागी मिळणारी ॲप्स, या दोन गोष्टींची किंमत त्याला कळली नाही. ती कळायला सिम्बियनवर, म्हणजे नोकियाच्या स्मार्टफोनमधल्या प्रणालीवर, एकदा ॲप टाकून पाहायला हवं होतं. आधी फाइल शोधा, ती आपल्याच मॉडेलची आहे का बघा, मग फोन म्हणणार की प्रमाणपत्राची मुदत संपली. यावर जाणकारांची युक्ती अशी की फोनची तारीख एक-दोन वर्षं मागे न्यायची, ॲप टाकायचं आणि तारीख पुन्हा आजची करायची. ॲपलचं ॲप स्टोअर जुलै २००८ मध्ये उघडलं तेव्हा त्यात जेमतेम पाचशे ॲप्स होती. पण तारखेशी असले खेळ करावे लागत नव्हते.

डबल सिमच्या बाबतीत मात्र गिऱ्हाईक शंभर टक्के बरोबर. मुंबईचं टेलिकॉम सर्कल वेगळं, महाराष्ट्र-गोव्याचं वेगळं. सर्कल ओलांडलं की रोमिंग, म्हणजे आलेल्या फोनलाही पैसे. त्यात एका कंपनीची रेंज गावात, दुसरीची शहरात, तिसरीची योजना स्वस्त. नोकियानं या मागणीकडे बराच काळ काणाडोळा केला आणि २०१० पासून दोन सिमचे साधे फोन काढले, तोवर मायक्रोमॅक्स, कार्बन या देशी कंपन्यांनी बाजारात ठाण मांडलं होतं. २०१२ च्या अखेरीस आलेला मायक्रोमॅक्स कॅनव्हास २ दहा हजारांच्या आत पाच इंची पडदा आणि दोन सिम देत होता. नोकियाचा विंडोजवाला लुमिया ८०० दिसायला देखणा. पण त्यात कार्ड नाही, दुसरं सिम नाही आणि ब्लूटूथनं फाइलही जात नव्हती. नोकिया का कोसळली याची कारणं शोधताना लोक मोठमोठे सिद्धांत मांडतात. मला या तीन ‘नाहीं’मध्येच बरंचसं उत्तर दिसतं.

दुसरा अपवाद आपल्या लिपीचा. तिच्याबद्दल ना पत्रकानं काही सांगितलं, ना गिऱ्हाइकानं विचारलं, कारण फोनवर मराठी नीट दिसेल अशी कुणाची अपेक्षाच नव्हती. सुरुवातीच्या बऱ्याच अँड्रॉइड फोनवर मराठी वर्तमानपत्राचं संकेतस्थळ उघडलं की ओळीच्या ओळी रिकामे चौकोन दिसायचे. काहींत अक्षरं होती, पण मांडणीचं भान नव्हतं: ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे यायच्या ऐवजी उजवीकडे जाऊन बसायची, जोडाक्षरं पाय मोडून सुटी पडायची. ‘स्थिती’ हा शब्द वाचायला कोडं सोडवावं लागे. त्यावर एक उपाय ऑपेरा मिनी या ब्राउझरमध्ये दडला होता. पत्त्याच्या जागी ‘कॉन्फिग’ टाकून एक खास पान उघडायचं, तळाशी जाऊन अवघड लिप्यांसाठीचा पर्याय चालू करायचा. मग कंपनीचा सर्व्हर मराठी मजकुराचं चित्र काढून पाठवायचा. डेटा थोडा जास्त जायचा, पण बातमी वाचता यायची. मोबाईलवर मराठी वाचणाऱ्यांत ही युक्ती तोंडोतोंडी पसरली होती.

लिहिण्याचं दुखणं आणखी जुनं. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावायची, देवनागरीत ७०. म्हणजे मराठीत लिहिलं तर दोन-तीन मेसेजचे पैसे. रोमन लिपीतलं मराठी ही सवय आळसातून लागली असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा. अँड्रॉइडची चौथी आवृत्ती २०११-१२ मध्ये आली आणि देवनागरी हळूहळू सरळ दिसू लागली. माझ्या लेखी त्या दशकातली सर्वांत मोलाची सुधारणा हीच, आणि ती कुठल्याही जाहिरातीत झळकली नाही.

काउंटरवरच्या बाकीच्या प्रश्नांचं काय झालं? डेटा स्वस्त झाला आणि ब्लूटूथनं गाणी पाठवणं थांबलं. महागड्या फोनांतून कार्डाची जागा गेली, बॅटरीही काढता येईनाशी झाली. दोन्ही बाबतींत नुकसान गिऱ्हाइकाचंच. दोन नंबरांची सोय मात्र टिकली. शॉपीत दहा वर्षं जे मागितलं जात होतं, ते ॲपलनं आयफोनमध्ये २०१८ साली दिलं.