एकच लेन्स घ्यायची तर

फुल-फ्रेम कॅमेऱ्यासाठी एकच झूम लेन्स घ्यायची ठरवली की बहुतेक जण आधी आकडे बघतात. २४-७०, २४-१०५, २८-२००. मला वाटतं, आधी जागा बघावी. फोटो काढताना आपल्याला उभं कुठे राहू देतात, मागे किती सरकता येतं, पुढे कुठवर जाता येतं, हे नीट कळलं की निम्म्या लेन्स आपोआप गळतात.

माझी भाची वाईला राहते. बारशी, साखरपुडे, डोहाळजेवणं असं घरगुती काम ती करते आणि आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर काही मुक्काम चालते. तिने सेकंडहँड सोनी ए-सेव्हन-थ्री घेतला. बॉडीत बरेच पैसे गेले होते आणि लेन्स एकच परवडणार होती. "मामा, तुम्ही सांगाल ती घेते," म्हणाली. मी म्हटलं, मी सांगून उपयोग नाही, तुझे जुने फोटो सांगतील.

प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये तो कोणत्या फोकल लेंग्थला काढला ते नोंदलेलं असतं. लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो त्या आकड्यांनुसार लावून बघता येतात. तिच्या जुन्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, एपीएस-सी, आणि त्यावर १८-१३५. फुल-फ्रेमच्या भाषेत आणायला या आकड्यांना दीडने गुणायचं. म्हणजे तिचं १८ हे इथलं २७. फोटो रांगेत लावले तर १८ वर मोठा ढीग निघाला. दुसरा, जरा पसरट ढीग ५० ते ७० च्या दरम्यान, म्हणजे फुल-फ्रेमवर ७५ ते १०५. थेट १३५ वर होते ते फोटो थोडे आणि जवळजवळ सगळे वारीतल्या रिंगणाचे.

हा १८ चा ढीग वाचताना घाई करू नये. तिला १८ आवडतं, असा त्याचा अर्थ नाही. लेन्स तिथे संपते म्हणून ती तिथे अडकली. एकेक फोटो उघडून बघितल्यावर हे स्पष्ट झालं: पाळण्याभोवती जमलेल्या बायका, त्यांतली एक अर्धी कापलेली. देवघरापुढची ओटी, पण वरची समई फ्रेमबाहेर. वाईच्या जुन्या वाड्यांतल्या माजघरात पाठ भिंतीला टेकली की टेकली, आणखी मागे जायला वाटच नसते. याउलट ५० ते ७० चा ढीग मनाने निवडलेला होता. तिथे लेन्स संपत नव्हती, तिला तिथेच थांबायचं होतं. ते बहुतेक चेहरे होते.

आता रुंद बाजूचं गणित. फुल-फ्रेमचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर असतो. २४ मिमी लेन्सने आडवा फोटो काढला तर जितके मीटर लांब उभे राहाल तितके मीटर उंची फ्रेममध्ये येते आणि रुंदी त्याच्या दीडपट. तीन मीटरवरून साडेचार मीटर भिंत. तेवढ्याच अंतरावरून २८ ला ती भरते ३ मीटर ८५ सेंटिमीटर. कागदावर चार मिलिमीटरचा फरक वाटतो. खोलीत तो एका माणसाचा असतो, कडेला उभ्या आत्याचा. लांबचं कमी पडलं तर फोटो नंतर कापून जवळ आणता येतो, पण जे फ्रेममध्ये आलंच नाही ते नंतर कुठून आणणार? म्हणून घरात काम करणाऱ्याने २८ पासून सुरू होणारी लेन्स घेताना फार विचार करावा, असं माझं ठाम मत आहे.

मग २० का नको? सोनीची २०-७० एफ/४ आहे, २०२३ मध्ये आली, वजन फक्त ४८८ ग्रॅम. तीन मीटरवरून ती ५ मीटर ४० सेंटिमीटर भिंत घेते. लेन्स देखणं काम करते, पण २० मिमीला फ्रेमच्या कडेला आलेली माणसं बाहेरच्या बाजूला ताणली जातात. तो लेन्सचा दोष नव्हे. इतका रुंद कोन सपाट प्रतिमेवर सरळ रेषांसकट उतरवला की कडा ताणणारच. दगडी वाड्याला ते चालतं, घोळक्यातल्या आजीला नाही. आणि दुसरं टोक ७० वर थांबतं. भाचीचे चेहरे त्याच्या पुढे सुरू होतात.

खरी खडाजंगी झाली ती एफ/२.८ आणि एफ/४ यांच्यात. सगळीकडे होते, आणि बहुतेक वेळा २.८ म्हणजे व्यावसायिक, ४ म्हणजे हौशी, एवढ्यावर मिटवली जाते. तसं मिटवू नये. २.८ वर ४ च्या दुप्पट प्रकाश आत येतो. ट्यूबलाइटच्या खोलीत हलत्या माणसासाठी शटर १/१२५ ठेवायचं तर एफ/४ ला आयएसओ साधारण ३२०० लागतो, २.८ ला १६००. आजच्या फुल-फ्रेम सेन्सरला दोन्ही पेलतं. समईच्या उजेडातल्या गाभाऱ्यात शटर १/६० वर आणूनही ४ ला १२,८०० लागू शकतो आणि २.८ ला ६४००. इथे फरक डोळ्यांना दिसतो: सावल्यांत रंगीत दाणे येतात, शालूची जर मिटते. बॉडीतलं स्टॅबिलायझेशन हाताचा कंप सावरतं, पण आरती ओवाळणारा हात हलतोच, त्याला ते काही करू शकत नाही.

दुसरा मुद्दा मागच्या धूसरपणाचा. "२.८ शिवाय बॅकग्राउंड उडत नाही," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की भाचीसमोर वहीत मांडूनच दाखवलं. फोकल लेंग्थला एफच्या आकड्याने भागलं की लेन्सच्या उघड्या भोकाचा व्यास मिळतो. ७० ला एफ/२.८ म्हणजे २५ मिमी. १०५ ला एफ/४ म्हणजे २६ मिमीच्या थोडं वर. चेहरा फ्रेममध्ये तेवढाच मोठा ठेवला, तर दूरवरची पार्श्वभूमी किती विरघळेल हे याच व्यासावर ठरतं. म्हणजे कृष्णेच्या घाटावर उभ्या नवरीच्या मागचं ढोल्या गणपतीचं देऊळ दोन्ही लेन्सवर जवळजवळ सारखंच मऊ होईल. शिवाय १०५ ला मागचा कमी भाग फ्रेममध्ये येतो, त्यामुळे पार्श्वभूमी शांत राहते.

पण त्यासाठी १०५ वाल्याला दीडपट मागे जावं लागतं: खांद्यापर्यंतचा चेहरा ७० ला सव्वा मीटरवरून मिळत असेल, तर १०५ ला तो पावणेदोन-दोन मीटरवरून. घाटावर मागे जाता येतं. माजघरात नाही. पुन्हा जागाच.

या सगळ्यात टॅमरॉनची २८-२०० बाजूला पडू नये असं मला फार वाटत होतं. २०२० ची लेन्स, ५७५ ग्रॅम, आणि २८ ला चक्क एफ/२.८ देते. झूम वाढवाल तसं भोक आकसतं. सत्तरच्या आसपास ४ होतं, दीडशेच्या पुढे ५.६. वारीत चालणाऱ्याला यापेक्षा सोयीचं काही सापडणं कठीण. दिवे घाटात एका वळणावरून खालची दिंड्यांची रांग २८ ला घ्यावी आणि तिथेच उभं राहून २०० ला एकाच म्हातारीच्या डोक्यावरची तुळस. वर पाऊस, खाली चिखल, चहूबाजूंनी माणसं. अशा ठिकाणी लेन्स काढून सेन्सर उघडा टाकणं म्हणजे आपल्या हाताने त्यावर धूळ पेरणं. चांदोबाच्या लिंबाजवळ उभं रिंगण लागतं तेव्हा माउलींचा अश्व दोन रांगांमधून जोरात निघून जातो. ढगाळ दुपारी ५.६ ला शटर १/१००० ठेवायला आयएसओ ८०० पुरतो. म्हणजे रिंगणाला ही लेन्स उजेडाच्या बाबतीत मुळीच कमी पडत नाही.

ती कमी पडते संध्याकाळी, मुक्कामाच्या तंबूत, जिथे एका दिव्याखाली कीर्तन चालू असतं आणि चेहरा हवा असतो. आणि कमी पडते वाड्यात, २८ मुळे. भाचीचं पोट वाड्यातल्या कामावर आहे. वारी ती जीव ओतून करते, पण वर्षातले काही दिवस. मी तिला स्पष्ट सांगितलं, तू फक्त चालणारी असतीस तर दुसरं काही बघू दिलं नसतं.

झूम लेन्सवर धार कमी म्हणून नाक मुरडायची पद्धत जुनी आहे. ३५ मिमीच्या स्थिरचित्र कॅमेऱ्यासाठी पहिली झूम फोइग्टलेंडरची झूमर, १९५९ ची, ३६-८२ एफ/२.८. तेव्हापासून पुढे बरीच वर्षं हा आक्षेप खरा होता. झूम करताना आतले काचांचे गट एकमेकांपासून सरकतात आणि प्रत्येक स्थितीत सगळे दोष सारखेच आवरणं अवघड असतं. रुंद टोकाला सरळ रेषा बाहेर फुगतात, लांब टोकाला आत ओढल्या जातात. आता यातलं पुष्कळसं काम कॅमेरा स्वतः गणिताने करतो आणि तुळई सरळ दिसते. पण कॅमेरा दुरुस्त करू शकत नाही असा एक दोष असतो: एखादा काचेचा गट जरासा कलता बसलेला असणं. तो मॉडेलचा नसतो, त्या एका नगाचा असतो. त्यामुळे कुणाचं परीक्षण वाचून तो कळत नाही, आपला नग आपणच तपासावा लागतो.

वाड्याला २४ आणि चेहऱ्यांना १०५ हवं, हे ठरल्यावर आम्ही मुंबईला फोर्टात गेलो, सेकंडहँड २४-१०५ एफ/४ बघायला. सोनीची ही लेन्स २०१७ ची, ६६३ ग्रॅम, फिल्टर ७७ मिमीचा. दुकानात पहिलं काम मोबाइलचा टॉर्च. मागची कॅप काढून एका बाजूने उजेड टाकायचा आणि दुसऱ्या बाजूने तिरकं बघायचं. एक-दोन धूळकण असतातच, त्यांनी फोटोत काही दिसत नाही. शोधायचं ते कोळ्याच्या जाळ्यासारखं बारीक तंतूंचं काही, म्हणजे फंगस. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला ती हमखास धरते. मग झूमची रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवायची. मध्येच जड किंवा खरखरीत लागली तर आत वाळू गेली आहे. पुढच्या फिल्टरच्या आट्यांवर चेप असेल तर लेन्स कधीतरी पडलेली आहे. सोनेरी संपर्कबिंदू काळे पडलेत का, तेही बघून घ्यायचं.

दुकानदार समजूतदार होते. मुलाला सोबत देऊन त्यांनी आम्हाला लेन्स रस्त्यावर नेऊ दिली. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर, महापालिकेच्या बाजूच्या फुटपाथवर उभं राहिलं की लेन्स तपासायला याहून चांगली भिंत नाही. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी आखलेल्या या १८८८ च्या इमारतीवर फ्रेमच्या कडेपासून कडेपर्यंत कोरीव काम भरलेलं आहे. भाचीने एफ/४ ठेवून २४, ५० आणि १०५ ला फोटो काढले. मग एकच कमान, एकच गवाक्ष आधी फ्रेमच्या मध्यभागी, नंतर डाव्या आणि उजव्या कडेला आणून. स्क्रीनवर मोठं करून बघायचं ते एवढंच, की डावी आणि उजवी बाजू सारखी आहे का. दोन्हीकडे थोडं मऊ असेल तर तो त्या लेन्सचा स्वभाव. एकीकडे धारदार आणि दुसरीकडे पुसट असेल, तर नग परत.

पहिला नग परत केला. १०५ ला उजवी कड सरळसरळ घसरत होती. दुसरा, बॉक्स नसलेला आणि हूडवर ओरखडे असलेला, चारी कोपऱ्यांत सारखा निघाला. तिने तो घेतला. २४-७० एफ/२.८ ची दुसरी पिढीही तिने हातात घेऊन पाहिली होती. ६९५ ग्रॅमची, उत्तम लेन्स, पण नवी घेतली तर २४-१०५ च्या जवळपास दुप्पट किमतीची. टॅमरॉनची ३५-१५०सुद्धा काऊंटरवर होती. ती उचलल्यावर भाचीने ती तशीच खाली ठेवली; ११६५ ग्रॅम गळ्यात घालून सासवडपर्यंत चालायचं तर मान फोटोकडे लक्ष देऊ देत नाही.

गाभाऱ्याचा आणि कीर्तनाच्या तंबूचा प्रश्न उरला होता. त्यासाठी पुढच्या दोन कामांच्या पैशांतून ती ३५ मिमी एफ/१.८ घेणार आहे. २८० ग्रॅमची छोटी लेन्स, आणि एफ/४ च्या जवळजवळ पाचपट प्रकाश. म्हणजे जिथे झूमला १२,८०० लागतो तिथे ही सुमारे २५०० वर काम करेल. २.८ ची कोणतीही झूम घेऊन हा फायदा मिळाला नसता.

लेन्स घरी नेताना मी तिला दोनच गोष्टी बजावल्या. पावसात नळी बाहेर आलेली असेल तर आधी पुसायची, मगच आत ओढायची, नाहीतर पाणी आणि माती तीच आत घेते. आणि रात्री लेन्स चामड्याच्या पिशवीत न ठेवता झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, सिलिका जेलबरोबर ठेवायची.

रिंगणासाठी तिने स्वतःच मार्ग काढला. या कॅमेऱ्यात सेन्सरचा फक्त मधला भाग वापरायची सोय आहे, १०५ चं दृश्य १५७ इतकं जवळ येतं आणि फाइल सुमारे दहा मेगापिक्सेलची उरते. अल्बमच्या एका पानाला तेवढी पुरते. ती सोय तिने अंगठ्याखालच्या एका बटनावर बसवून घेतली आहे आणि सध्या गल्लीतल्या सायकल चालवणाऱ्या पोरांवर, व्ह्यूफाइंडरवरून डोळा न काढता ते बटन दाबायची सवय करते आहे.