साचलेली उजळणी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नागपूरच्या प्रताप नगर, त्रिमूर्ती नगर, खामला या भागात राहून राज्यसेवेची किंवा नीटची तयारी करणाऱ्यांच्या मोबाइलवर आता अंकीसारखं फ्लॅशकार्डांचं अ‍ॅप असणं नवलाचं राहिलेलं नाही. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. आठवलं तर कार्ड लांबच्या तारखेला जातं, विसरलं तर लगेच परत येतं. काही महिने हे नीट चालतं. मग घरात लग्न निघतं, आजारपण येतं, तात्पुरती नोकरी लागते किंवा परीक्षाच पुढे जाते. ५ एप्रिल २०२० ला ठरलेली राज्यसेवा पूर्व परीक्षा पुढे सरकत सरकत २१ मार्च २०२१ ला झाली, तेव्हा असा खंड कितीतरी जणांच्या वाट्याला आला. खंडानंतर अ‍ॅप उघडावं तर दीड-दोन हजार कार्डं वाट पाहत असतात. अशा वेळी काही जण सगळं पुसून पहिल्यापासून सुरुवात करतात, काही जण दोन रात्रींत सगळा ढीग उपसायला बसतात. दोघांच्याही मनात समज एकच असतो, की ठरल्या दिवशी उजळणी झाली नाही म्हणजे शिकलेलं वाया गेलं. पुरावा तसं सांगत नाही.

या समजाला बळ मिळतं ते सगळीकडे फिरणाऱ्या एका आलेखातून. माणूस चोवीस तासांत सत्तर टक्के विसरतो, असं त्याखाली लिहिलेलं असतं आणि हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाचं नाव दिलेलं असतं. एबिंगहाउसने १८८५ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात मोजलं होतं ते वेगळंच. निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या तो बिनचूक म्हणता येईपर्यंत पाठ करायचा आणि काही काळाने तीच यादी पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो ते पाहायचा. एका दिवसानंतर सुमारे ३४ टक्के श्रम वाचत, सहा दिवसांनंतर २५ टक्के, एकतीस दिवसांनंतर २१ टक्के. म्हणजे हे आकडे वाचलेल्या श्रमाचे आहेत, आठवलेल्या उत्तरांचे नव्हेत. शिवाय ते एकाच माणसाचे आहेत आणि अर्थ नसलेल्या मजकुराचे आहेत. २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार किंवा १९२३ चा झेंडा सत्याग्रह ही काही निरर्थक अक्षरं नव्हेत. त्यांना मागचापुढचा संदर्भ असतो, आणि संदर्भ असलेली गोष्ट जास्त टिकते. पण मला यात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो उताराचा आकार. पहिल्या दिवसात मोठी घसरण होते, मात्र सहाव्या दिवसापासून एकतिसाव्या दिवसापर्यंत फक्त चार टक्क्यांची. तीन महिन्यांचा खंड एका महिन्याच्या खंडापेक्षा तिप्पट वाईट, हा हिशेब या उतारात बसत नाही.

मग कार्ड समोर आल्यावर उत्तर का सुचत नाही? मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट आणि एलिझाबेथ ब्यॉर्क यांनी १९९२ साली मांडलेली विभागणी इथे उपयोगी पडते. एखादी गोष्ट स्मृतीत किती खोल रुजली आहे हे एक, आणि ती या क्षणी किती सहज हाताला लागते हे दुसरं. खंडात घसरते ती मुख्यतः दुसरी. म्हणून उत्तर पाहताच ‘अरे, हे तर माहीत होतं’ असं वाटतं आणि पुढच्या वेळी ते पहिल्याइतकी मेहनत घेत नाही. ‘उजळणी’ या आपल्या शब्दात हेच आहे. काळं पडलेलं पितळेचं भांडं घासून उजळतात, नवं ओतत नाहीत. हॅरी बाहरिक यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शाळा-कॉलेजात स्पॅनिश शिकलेल्या सातशेहून अधिक लोकांची परीक्षा घेतली. पहिल्या तीन ते सहा वर्षांत घसरण झाली होती, पण त्यानंतर उरलेलं ज्ञान पुढची पंचवीस-तीस वर्षं जवळपास तसंच टिकलेलं होतं. यावर कुणी म्हणेल, की ते वर्षानुवर्षं भाषा शिकलेले लोक होते, आमची कार्डं तर दोन महिन्यांची. हा आक्षेप खरा आहे. बाहरिक यांच्याच निष्कर्षांत कमी शिकलेल्यांकडे कमी उरलं होतं. म्हणून खंडाच्या आठवडाभर आधी घातलेली कार्डं नवीच समजावीत. पण पाच-सहा वेळा बरोबर आलेलं कार्ड त्यांच्याबरोबर फेकून देणं म्हणजे स्वतःचे श्रम फुकट घालवणं आहे.

दुसरा समज तारखेच्या पावित्र्याचा. याचं मूळ बहुधा परवच्यात असावं. रोज तिन्हीसांजेला पाढे, पावकी, निमकी सगळं म्हणायचं आणि एक दिवसही चुकवायचं नाही, या शिस्तीत उजळणी म्हणजे रोजचा नेम ठरला. अंतराने उजळणी करण्याच्या पद्धतीचा आधार मात्र नेमका उलटा आहे. मध्ये वेळ गेलाच पाहिजे, थोडं विसरायला झालंच पाहिजे. निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या, १,३५० हून अधिक लोकांवरच्या प्रयोगात असं दिसलं, की आठवड्याने परीक्षा असेल तर एका दिवसाचं अंतर चांगलं, आणि जवळपास वर्षाने असेल तर तीन आठवड्यांचं. अंतर गरजेपेक्षा कमी ठेवल्याचं नुकसान मोठं निघालं, जास्त ठेवल्याचं त्या मानाने किरकोळ. अंकीच्या गणितातही उशिराला शिक्षा नाही. समजा, तीस दिवसांनी यायचं कार्ड तुम्ही एकशे वीस दिवसांनी पाहिलं आणि ते आठवलं. जुन्या पद्धतीत नव्वद दिवसांच्या उशिराचा निम्मा भाग मूळ अंतरात मिळवून पुढची तारीख काढतात. नेहमीच्या अडीच पटीने ते सुमारे १८७ दिवस होतात. वेळेवर पाहिलं असतं तर ७५ झाले असते. २०२३ पासून अंकीत आलेली एफएसआरएस ही पद्धतसुद्धा प्रत्यक्षात किती दिवस गेले तेच धरते. उशिरा आठवलेलं कार्ड म्हणजे पक्क्या स्मृतीचा पुरावा, आणि तो फक्त खंडामुळेच मिळतो.

म्हणून ढिगाला थकबाकी म्हणू नये. दोन रात्रींत तो उपसण्यात तोटा असा, की चुकलेली शेकडो कार्डं दुसऱ्याच दिवशी एकदम परत येतात आणि माणूस पुन्हा पळतो. रोजची मर्यादा साठ-सत्तर ठेवावी. एका कार्डाला दहा-पंधरा सेकंद धरले तर ते पाव तासाचं काम आहे. चुकलेली कार्डं फिरून येणार, त्यामुळे समजा ढीग सहाशेचाच असेल, तरी तो दहा दिवसांत नाही, दोन-तीन आठवड्यांत ओसरेल. तोवर नवं कार्ड एकही घालू नये. आणि विसरलेल्या कार्डाला ‘हार्ड’ म्हणू नये. ते बटण कष्टाने का होईना पण आठवलेल्या उत्तरासाठी आहे. न आठवता ते दाबलं तर अ‍ॅप कार्डाला जमा धरून लांबची तारीख देतं आणि पुढचा सगळा हिशेब चुकतो. लाजेपोटी होणारी ही चूक खंडापेक्षा जास्त नुकसान करते.

सगळीच कार्डं वाचवण्यासारखी नसतात, हेही मान्य करावं. गेल्या वर्षीच्या अर्थसंकल्पाचे आकडे, बदललेले पदाधिकारी, जुन्या चालू घडामोडी यांची कार्डं थांबवून टाकावीत. शिवाय २०२५ पासून राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे, आणि कार्डं उत्तर लिहायला शिकवत नाहीत. ती फक्त साल, कलम आणि नाव हाताशी ठेवतात. लिहिण्याचा सराव वेगळाच करावा लागतो.

राहिला शेवटचा आक्षेप : परीक्षा तीनच आठवड्यांवर आली असेल तर? तेव्हा अ‍ॅपच्या तारखांवर विसंबू नये, कारण ते लांबच्या काळाचा हिशेब करतं आणि तुम्हाला एकवीस दिवसांचा हवा असतो. ज्या विषयाला गुण जास्त त्याची कार्डं वेगळी काढून तीन-चार दिवसांच्या अंतराने फिरवावीत. पण नुसती वाचू नयेत, उत्तर झाकून आठवावं. रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ सालच्या प्रयोगात पुनःपुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्याने चित्र पालटलं : स्वतःची परीक्षा घेणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के, नुसतं वाचणाऱ्यांना ४० टक्के. बाकीची कार्डं परीक्षेनंतरच्या आठवड्यापर्यंत थांबू शकतात. तोवर त्यांना आणखी महिनाभर उशीर झाला, तरी आलेखाच्या सपाट भागात त्याने फारसं बिघडत नाही.