देव न मानणारा डावाच असतो का? श्रद्धा आणि मत यांचा हिशेब

केरी (पेडणे) : निवडणूक जवळ आली की केरीहून तेरेखोलला जाणाऱ्या फेरीबोटीवर गप्पा रंगतात. अमका देवळाची पायरी चढत नाय, म्हणजे तो कम्युनिस्ट. तमक्याच्या घरी चवथीला अकरा दिवस गणपती, म्हणजे तो कमळाचा. बोट पलीकडच्या काठाला लागेपर्यंत अर्ध्या गावाची मते मोजून झालेली असतात. हिशेब सोपा आहे, पण मराठी मुलखाचा इतिहास समोर ठेवला तर त्याचा ताळेबंद जुळत नाही.

हा समज आला कुठून?

तो अगदीच हवेतला नाही. कार्ल मार्क्सने धर्मावर टीका केली. पुढे सोव्हिएत रशियात सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाने नास्तिकतेला सरकारी धोरणच बनवले. तेव्हापासून नास्तिक आणि डावा हे शब्द जोडीने वापरले जाऊ लागले. अमेरिकेत आजही कोणताच धर्म न सांगणारे मतदार मोठ्या प्रमाणात डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकतात. तिथे रिपब्लिकन पक्ष आणि काही चर्च-गट १९७० नंतर एकमेकांच्या जवळ आले, हे त्याचे एक मोठे कारण.

आपल्याकडची गणिते वेगळी आहेत. २०११ च्या जनगणनेत स्वतःला नास्तिक म्हणवणारे देशभरात मिळून सुमारे ३३ हजार निघाले. त्यात सर्वाधिक, साडेनऊ हजारांवर, महाराष्ट्रातले होते. एवढ्या थोड्या लोकांवरून कोणत्याही पक्षाचे भवितव्य ठरत नाही.

मराठी उदाहरणे दोन्हीकडची

पहिले मोठे उदाहरण वि. दा. सावरकरांचे. हिंदुत्वाची व्याख्या करताना त्यांनी ती देवावरच्या श्रद्धेवर नव्हे, तर पितृभू आणि पुण्यभू या कल्पनांवर उभी केली. गाय हा उपयुक्त पशू आहे, देव नव्हे, असे त्यांनी लिहिले. १९६६ मध्ये निधन होण्याआधी, आपल्यामागे श्राद्ध, पिंडदान करू नये आणि दहन विद्युतदाहिनीत व्हावे, अशी इच्छा त्यांनी लिहून ठेवली. कर्मकांड नाकारणारा हा माणूस राजकारणात मात्र हिंदुत्वाचा आधारस्तंभ.

याच्या उलट उदाहरण ह. वि. कामत यांचे. पुढे समाजवादी नेते म्हणून ओळखले गेलेल्या कामतांनी ऑक्टोबर १९४९ मध्ये संविधान सभेत उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने करावी, अशी दुरुस्ती मांडली. ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी फेटाळली गेली. देवाला उद्देशिकेत आणू पाहणारा समाजवाद्यांतला निघाला.

गोव्यातच पाहायचे तर कोसंबी पिता-पुत्र. सांखवाळात जन्मलेले धर्मानंद बौद्ध भिक्षू झाले, गांधीजींच्या मिठाच्या सत्याग्रहात उतरले. बौद्ध धर्म सृष्टिकर्ता ईश्वर मानत नाही, म्हणजे ते धार्मिकही होते आणि ईश्वर न मानणारेही. त्यांचे पुत्र दामोदर हे मार्क्सवादी इतिहासकार. एकाच घरात निरीश्वरवादाच्या दोन वाटा.

आणि केरीच्या समोरचाच तेरेखोलचा किल्ला. १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी तिथे तिरंगा फडकवला. पुढच्या वर्षी गोवामुक्तीसाठी समाजवादी नानासाहेब गोरे आले, जनसंघाचे जगन्नाथराव जोशी आले, कम्युनिस्टही आले. सालाझारची सत्ता हटवायची यावर पूजा करणारे आणि न करणारे एकत्र आले होते.

गोव्यात देवस्थान म्हणजे नुसती भक्ती नव्हे

गोव्यातली देवस्थाने पोर्तुगीज काळातल्या १९३३ च्या नियमनानुसार चालतात. कारभार महाजनांकडे, आणि महाजनकी बहुतेक ठिकाणी वंशपरंपरेने येते. त्यासाठी श्रद्धेची परीक्षा कुणी घेत नाही. त्यामुळे देव न मानणारा महाजन समितीच्या निवडणुकीत मत देऊ शकतो, आणि पिढ्यान् पिढ्या तरंगांसमोर हात जोडणारा बिगरमहाजन मात्र बाहेर राहतो. इथे भांडण देव आहे की नाही याचे नसते. मान कुणाचा आणि देवस्थानाच्या जमिनीवर शब्द कुणाचा चालणार, याचे असते.

राजकारणातही हेच दिसले. १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत पेडणे, डिचोलीच्या बहुजन समाजाने दयानंद बांदोडकरांच्या मगो पक्षाला भरभरून मते दिली. हे मतदार भाविकच होते, पण त्यांच्या मागण्या कुळाच्या हक्काच्या, शाळेच्या आणि भाटकाराच्या जाचातून सुटण्याच्या. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७५ चा मुंडकार कायदा याच काळातले. पुस्तकी भाषेत या मागण्या डाव्या ठरतात. मागणारे मात्र गाऱ्हाणे घालून, कौल घेऊनच मतदानाला जात.

तीन प्रश्न वेगळे ठेवा

गोंधळ होतो तो तीन प्रश्न एकत्र केल्याने. एक, देव आहे का? दोन, मी कुणाचा, म्हणजे माझी जात, धर्म, भाषा कोणती? तीन, जमीन, मजुरी, पाणी याबाबत कोण माझ्या बाजूने? मतपेटीत मुख्यतः दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पडते. पहिल्याचे उत्तर माणूस बहुधा घरातच ठेवतो.

ही गल्लत महागात पडते. डॉ. नरेंद्र दाभोलकर म्हणत राहिले की अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा विरोध देवाला नाही, देवाच्या नावावर होणाऱ्या फसवणुकीला आहे. तरी धर्मद्रोही हा शिक्का त्यांच्यावर बसला. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांची हत्या झाली. फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. दोघेही मराठी माणसांशी मराठीत बोलत होते, वाद घालायला तयार होते.

राज्यघटनेने यातून साधी वाट काढून ठेवली आहे. आमदार, खासदाराने शपथ ईश्वरसाक्ष घ्यावी किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करावी, दोन्ही सारखेच ग्राह्य. कोणती निवडली म्हणून खुर्ची लहान-मोठी होत नाही.

केरीत प्रचाराला येणारा उमेदवार कुठल्याही पक्षाचा असो, आजोबाच्या देवळात नारळ ठेवतोच. तो त्याचा भाव. मतदाराने त्याला विचारायचे ते मुंडकाराच्या घराची नोंद कधी होणार आणि शेताला पाणी कधी येणार, हेच.