साधा फोन आणि सोपा फोन

वयस्कर आई-वडिलांसाठी मोबाइल घ्यायचा झाला की आपण दुकानात जाऊन 'एखादा साधा फोन दाखवा' असे म्हणतो. दुकानदार मोठ्या बटणांचा एक फोन काढून देतो, आपण त्यात चार नंबर साठवतो आणि कर्तव्य पार पडल्याच्या समाधानात घरी येतो. थोड्याच दिवसांत तक्रारी सुरू होतात. 'वाजलेला कळत नाही', 'बोललेले समजत नाही', 'मी दाबते पण लागतच नाही'. पुढे फोन कपाटात जातो आणि एकट्या राहणाऱ्या आईची खुशाली शेजाऱ्यांकडून विचारावी लागते. याला आपण 'वय झाले' असे कारण देतो. परंतु वय झाले म्हणजे नेमके काय झाले, हे पाहिले तर बऱ्याचशा तक्रारींचे उत्तर प्रकाश, ध्वनी आणि विद्युतधारक या शाळेच्या पुस्तकातल्या प्रकरणांतच सापडते.

प्रथम डोळा घेऊ. दहा वर्षांच्या मुलाला डोळ्यापासून सात-आठ सेंटिमीटरवर धरलेले अक्षर स्पष्ट दिसते. नेत्रभिंगाची लवचीकता वयानुसार कमी होत जाते आणि साठीच्या सुमारास हे अंतर जवळजवळ १ मीटरपर्यंत जाते. ही उणीव चाळिशीच्या चष्म्याने भरून निघते. चष्म्याने भरून न निघणाऱ्या गोष्टी वेगळ्याच आहेत. उतारवयात डोळ्याची बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होते आणि त्यातून जाणारा प्रकाश अधिक विखुरतो. विशीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर जेवढा प्रकाश पोचतो, त्याच्या सुमारे एक-तृतीयांशच साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर पोचतो. पिवळे भिंग निळा प्रकाश विशेषकरून अडवते. त्यामुळे काळ्या पडद्यावरची निळी अक्षरे किंवा राखाडी बटणांवरचे रुपेरी आकडे तरुण खरेदीदाराला देखणे वाटले, तरी आजोबांना ते जवळजवळ अदृश्य असतात. पांढऱ्यावर काळे किंवा काळ्यावर पांढरे, हेच उत्तम.

अक्षर किती मोठे हवे, याचे गणित नववीचा विद्यार्थीही करू शकेल. ६/६ दृष्टीच्या डोळ्याला जेमतेम ओळखू येणारे अक्षर डोळ्याशी ५ कलांचा कोन करते. ४० सेंटिमीटरवर धरलेल्या फोनवर ही उंची सुमारे ०.६ मिलिमीटर होते. मोतीबिंदू वाढत असताना दृष्टी ६/१८ झाली असेल तर तिप्पट, म्हणजे सुमारे १.७ मिलिमीटर. पण ही झाली ओळखण्याची सीमा. सहज वाचायला याच्या निदान दोन-अडीचपट उंची लागते, म्हणजे साधारण ४ मिलिमीटर. देवनागरीत वेलांट्या आणि उकार यांना वर-खाली आणखी जागा लागते. दुकानात जाताना खिशात मोजपट्टी ठेवावी आणि साठवलेल्या नावांची यादी उघडून अक्षर मोजावे. अनेक फोनांत डायल करताना उमटणारे आकडे भलेमोठे असतात, पण यादीतली नावे आणि आलेले संदेश मात्र मुंगीएवढेच राहतात.

आता कानाकडे वळू, कारण फोन ही मुळात ऐकण्याची वस्तू आहे. निरोगी तरुण कानाला २० ते २०,००० हर्ट्झ वारंवारतेचे ध्वनी ऐकू येतात. वयाबरोबर अंतर्कर्णातील केसपेशी कमी होतात आणि हा ऱ्हास उच्च वारंवारतेच्या बाजूने सुरू होतो. आपल्या भाषेतील स्वरांची ऊर्जा मुख्यतः खालच्या वारंवारतेत असते. 'स', 'फ', 'थ' यांसारख्या व्यंजनांची ओळख मात्र वरच्या वारंवारतेवर अवलंबून असते. म्हणून वृद्ध माणसे म्हणतात, 'ऐकू येते, पण कळत नाही.' हे वर्णन शास्त्रीयदृष्ट्या अगदी अचूक आहे. स्वर पोचतात, व्यंजने गळतात. 'सात' आणि 'साठ' यांत केवढा फरक आहे, हे औषधाचा हिशेब फोनवर सांगणाऱ्याला विचारावे.

जुन्या टेलिफोनची रचना या उणिवेत भरच घालते. तारा आणि यंत्रणा यांवरचा खर्च वाचावा म्हणून टेलिफोनवरून सुमारे ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पाठवण्याची प्रथा पडली आणि टू-जी मोबाइलमध्येही ती राहिली. 'स'ची बरीचशी ऊर्जा ४,००० हर्ट्झच्या वर असते, म्हणजे ती वाटेतच कापली जाते. तरुण मेंदू संदर्भावरून गाळलेल्या जागा भरतो, पण अधू कानाला दुहेरी तोटा होतो. फोर-जीवरील बोलणे, ज्याला 'व्होल्टी' म्हणतात, त्यात सामान्यतः ५० ते ७,००० हर्ट्झचा पट्टा पाठवला जातो. दोन्ही टोकांचे फोन आणि मधली जाळी ही सोय देत असतील तर आवाज लक्षणीय सुस्पष्ट येतो. 'त्यांना इंटरनेट कशाला, टू-जीच पुरे' हा युक्तिवाद आम्हाला म्हणूनच मान्य नाही. फोर-जी बटणांचा फोन घ्यायचा तो इंटरनेटसाठी नव्हे, 'स' ऐकू येण्यासाठी. शिवाय जिओचे जाळे मुळातच फोर-जीवर उभारलेले असल्याने त्यावर टू-जी फोन चालतच नाही. जुने सिम नव्या फोनमध्ये घालण्यापूर्वी हेही पाहून घ्यावे.

फोनची घंटा निवडतानाही हेच तत्त्व लागू पडते. बारीक, किणकिणती धून चार हजार हर्ट्झच्या आसपास असेल तर ती पलीकडच्या खोलीतल्या नातवाला ऐकू येईल, उशाशी फोन असलेल्या आजीला नाही. जुन्या घंटेसारखी, हजार हर्ट्झच्या जवळपासची धून निवडावी आणि जोडीला कंपनही ठेवावे.

कानाचे मशीन वापरणाऱ्यांसाठी आणखी एक मुद्दा आहे. टू-जीच्या जीएसएम पद्धतीत फोन सलग प्रक्षेपण करत नाही. आठ जण आळीपाळीने एकच वाहिनी वापरतात आणि प्रत्येकाची पाळी सेकंदाला सुमारे २१७ वेळा येते. हे झटके मशीनमधील विवर्धक टिपतो आणि कानात २१७ हर्ट्झची गुणगुण ऐकू येते. रेडिओजवळ फोन ठेवला की येणारी खरखर ती हीच. फोर-जीत हा त्रास साधारणपणे कमी असतो. मशीनमध्ये 'टेलिकॉइल' असेल तर त्याला अनुरूप फोन शोधावा आणि खरेदीपूर्वी मशीन कानात घालूनच बोलून पाहावे. हृदयाला पेसमेकर बसवलेला असेल तर फोन छातीच्या खिशात न ठेवता पेसमेकरपासून १५ सेंटिमीटर तरी दूर राखावा व दुसऱ्या बाजूच्या कानाला लावावा.

'मी दाबते पण लागत नाही' ही तक्रार बोटांची आहे. स्पर्शपडद्याच्या काचेखाली पारदर्शक विद्युतवाहकांची जाळी असते. बोट जवळ आले की तिथली धारिता बदलते आणि तो बदल मोजून स्पर्शाची जागा ठरते. पडद्याला कळतो तो दाब नव्हे, बोटातला ओलसर, वाहक ऊतीचा थर. वयामुळे कोरडी पडलेली किंवा आयुष्यभराच्या कामाने घट्टे पडलेली त्वचा वाहक म्हणून कमकुवत असते. आजी टेकवतात, काही होत नाही. मग त्या जोराने, बराच वेळ दाबून धरतात. फोनच्या लेखी दाबून धरणे हा वेगळाच आदेश असतो, आणि चित्र जागेवरून हलते किंवा नाहीसे होते. वर्गात याची चाचणी सहज घेता येईल. विद्यार्थ्यांना सुती हातमोजे घालायला द्यावेत, चष्म्यावर पिवळा जिलेटिन कागद लावावा आणि एक नंबर फिरवायला सांगावा. आधी स्पर्शपडद्यावर, मग बटणांवर.

बटणाखाली धातूची लहानशी घुमटाकार चकती असते. ती दबताना 'टक्' होते आणि आदेश पोचल्याची पावती बोटाला मिळते. पाचाच्या बटणावरचा उंचवटा अंधारातही जागा सांगतो. वरच्या ओळीत १-२-३ ही मांडणीसुद्धा बेल प्रयोगशाळेत लोकांवर चाचण्या घेऊन ठरवली गेली. त्या चाचण्यांवरचा डायनिंजर यांचा निबंध १९६० साली प्रसिद्ध झाला. मात्र बटणांचा प्रत्येक फोन चांगला असतोच असे नाही. एकाच सपाट पत्र्यावर रेघा मारून केलेली बटणे घट्टे पडलेल्या बोटाला वेगळी जाणवत नाहीत. दोन बटणांमध्ये खाच हवी.

हे सारे वाचून वाचक म्हणतील, म्हणजे बटणांचा फोनच घ्यावा. येथेच थोडे थांबायला हवे. गोंगाटात बोलणाऱ्याचे ओठ दिसत असतील तर शब्द पुष्कळ अधिक कळतात, हे सम्बी आणि पोलॅक यांनी १९५४ साली दाखवून दिले. ज्या आईची नजर ठीक आहे पण कान अधू आहेत, तिला मुलाचा चेहरा दाखवणारा स्मार्टफोन बटणांच्या फोनपेक्षा सोपा ठरू शकतो. उलट, डोळे गेले आणि कान शाबूत असतील तर आकडे मोठ्याने उच्चारणारी बटणे हवीत. वडील आधीच व्हिडिओवर नातवंडांशी बोलत असतील आणि केवळ फसवणुकीच्या भीतीने आपण त्यांच्या हातात बटणांचा फोन देत असू, तर ते आम्हाला योग्य वाटत नाही. बटणांच्या फोनवर लिंक दाबून होणारी फसवणूक बरीचशी टळते हे खरे, पण ओटीपी तोंडी विचारून घेणारा भामटा तिथेही पोचतोच.

भारतात मोबाइलवरून पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. आज पंचाहत्तरीत असलेली व्यक्ती तेव्हा चाळिशी ओलांडून गेली होती. तिच्या हाताला सवय होती ती एका खटक्याने एकच काम करणाऱ्या वस्तूंची. रेडिओ, मिक्सर, चकतीचा फोन, सगळे तसेच. एकच बटण कधी 'मेनू', कधी 'परत', तर कधी 'पुसा' होते, हे तिला अडते. म्हणून उचलणे, ठेवणे आणि आवाज कमी-जास्त करणे यांना स्वतंत्र, नेहमी तेच काम करणारी बटणे असलेला फोन निवडावा. नंबर नावांखाली साठवण्याबरोबर दोन ते आठ या बटणांवरही बसवून घ्यावेत. मात्र ५ आणि ९ मोकळे ठेवावेत.

त्याचे कारण असे की २०१६ च्या नियमांनुसार १ जानेवारी २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या बटणांच्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरल्यास आणीबाणीचा फोन लागण्याची सोय असावी लागते. आता यासाठी ११२ हा नंबर आहे. घेतलेल्या फोनवर यांपैकी कोणते बटण आहे ते पुस्तिकेत पाहून ठेवावे आणि आई-वडिलांनाही दाखवून ठेवावे. खिशात किंवा पिशवीत ते चुकून दाबले जाऊ नये म्हणून कळफलक बंद करण्याची खूण त्याच वेळी शिकवावी.